यंत्राच्या आराखड्याची नक्कल

नक्कल करणे हे जगातील सर्वांत सोपे काम, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ज्याला स्वतःचे काही सुचत नाही त्याने नक्कल करावी, असे आपण म्हणतो. आणि संगणक आल्यापासून तर नक्कल करावयाला बोटही झिजवावे लागत नाही. परंतु यंत्रांचे आराखडे करणाऱ्या कचेऱ्यांत हल्ली ज्या महाग गफलती आमच्या पाहण्यात येतात, त्यांतील पुष्कळशा नेमक्या या सोप्या कामात झालेल्या असतात. एका यंत्राचा आराखडा तयार आहे, यंत्र बांधून झाले आहे, गिऱ्हाइकाकडे ते चालूही आहे. दुसऱ्या गिऱ्हाइकाला तसलेच, पण जरा निराळे यंत्र हवे आहे. मग पहिल्या आराखड्याची नक्कल घ्यावयाची, तीत हवे ते फेरफार करावयाचे, आणि काम कारखान्याकडे सोपवावयाचे. यात बिघडण्यासारखे काय आहे? बिघडण्यासारखे काय आहे, हेच आज सांगावयाचे आहे. विषय यंत्रशाळेतला असला तरी ज्यांनी कधी ड्रॉइंग हातात धरले नसेल त्यांनी बिचकू नये. कारण मुळातला प्रश्न नावांचा आणि पत्त्यांचा आहे, आणि तो घरोघरी ओळखीचा आहे.

प्रथम कागदाचे दिवस आठवू. बोर्डावर ड्राफ्ट्समन पेन्सिलीने आकृती काढी, ट्रेसर ती ट्रेसिंगच्या कापडावर शाईने गिरवी, आणि तिच्यावरून कारखान्यासाठी प्रती काढीत. निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा उमटविण्याची रीत १८४२ साली जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधून काढली. ‘ब्लू प्रिंट’ हा शब्द तिच्यावरूनच आला आणि पुढे पुढाऱ्यांच्या तोंडी जाऊन बसला. नंतर अमोनियाच्या वासाच्या प्रती आल्या. रीत कोणतीही असो, एकदा प्रत निघाली की ती मुळापासून सुटली. मूळ ट्रेसिंगवर कोणी ब्लेडने खरडून माप बदलले, तरी फिटरच्या बाकावरची प्रत आपले जुनेच माप दाखवीत राही. याचा उपद्रवही थोडा नव्हता. जुनी प्रत समोर ठेवून नवे काम केल्याच्या गोष्टी जुन्या कारखान्यांत भरपूर ऐकावयास मिळतात. तेव्हा ‘गेले ते दिवस’ म्हणून उसासे टाकण्याचे काही कारण नाही. संपूर्ण यंत्राच्या ड्रॉइंगवर भागांची यादी असे, आणि प्रत्येक भागापुढे त्याच्या स्वतंत्र ड्रॉइंगचा नंबर असे. हा नंबर म्हणजे दुवाच. पण तो दुवा वाचणारा माणूस होता. तो कपाटापाशी जाई, खण ओढी, ड्रॉइंग बाहेर काढी, आणि काही विपरीत दिसले तर कोणाला तरी विचारी.

संगणकाने या दुव्यात जीव घातला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आयव्हन सदरलंड या तरुणाने आपल्या प्रबंधासाठी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्रॅम सादर केला. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ ओढता येते, याचेच त्या वेळी लोकांना नवल वाटले. आमच्या मते त्यातील दुसरी कल्पना अधिक दूरवर जाणारी होती. एखादी आकृती एकदा ‘मूळ’ म्हणून काढावयाची आणि तिच्या हव्या तितक्या प्रतिमा चित्रात ठिकठिकाणी बसवावयाच्या. मूळ बदलले की साऱ्या प्रतिमा आपोआप बदलावयाच्या. शंभर ठिकाणी बसविलेला बोल्ट शंभर वेळा खोडावा लागू नये, हा त्यातला लाभ. आज यंत्राच्या आराखड्यांसाठी जे प्रोग्रॅम वापरतात, म्हणजे सॉलिडवर्क्स म्हणा, इन्व्हेंटर म्हणा, त्यांच्यात हीच कल्पना मुरलेली आहे. आणि आजची सारी कटकटही तिच्याच पोटची आहे.

या प्रोग्रॅमांत एका यंत्राचा आराखडा म्हणजे एक फाइल नसते. प्रत्येक सुट्या भागाची एक फाइल असते. ते भाग जोडून जे बनते त्या असेंब्लीची दुसरी फाइल असते. आणि कारखान्यात पाठवावयाच्या मापांकित ड्रॉइंगची तिसरी फाइल असते. असेंब्लीच्या फाइलीत सुटे भाग साठवून ठेवलेले असतात अशी पुष्कळांची समजूत असते, ती खरी नव्हे. लग्नाच्या पंगतीची यादी जशी असते तशी ती फाइल असते. कोणाला बोलवावयाचे, तो कोठे राहतो, आणि पंगतीत कोणाच्या शेजारी बसावयाचा, एवढेच त्या यादीत लिहिलेले असते; पाहुणे काही यादीत बसलेले नसतात. असेंब्ली उघडली की प्रोग्रॅम यादी वाचतो, प्रत्येकाच्या पत्त्यावर जातो, जो सापडेल त्याला घेऊन येतो आणि जागेवर बसवितो. ड्रॉइंगचेही तसेच. ड्रॉइंगवर दिसणारे माप बहुधा त्या कागदाचे स्वतःचे नसते. ते भागाच्या फाइलीतून त्या त्या वेळी आणलेले असते.

आता नक्कल केली म्हणजे काय होते ते पाहण्यासाठी थोडे स्वयंपाकघरात जाऊ. मुलगी सासरी निघाली म्हणून आईच्या वहीतील आमटीची कृती तिने आपल्या वहीत उतरून घेतली. कृतीत लिहिले आहे, ‘मसाला मागील पानावर दिल्याप्रमाणे घालावा.’ आईच्या वहीत मागील पानावर गोडा मसाला आहे. मुलीच्या वहीत मागील पानावर कैरीच्या लोणच्याचा मसाला आहे. अक्षर न् अक्षर बरोबर उतरले, आणि आमटी मात्र बिघडली. आता समजा, आई हुशार होती आणि तिने लिहिले होते, ‘मसाला माझ्या काळ्या वहीच्या पान २३ वर पाहा.’ मग मुलीला दर वेळी आईकडे फोन करावा लागेल. आई गावाला गेली की आमटी अडेल. आणि आईने पुढे पान २३ वर खाडाखोड करून मसाल्यात खोबरे वाढविले, तर मुलीच्या घरची आमटीही तिला न कळत बदलेल. पहिल्या तऱ्हेच्या संदर्भाला सापेक्ष पत्ता म्हणतात, दुसऱ्याला पूर्ण पत्ता म्हणतात. संपूर्ण वहीची वही उतरून घेतली तर सापेक्ष पत्ता उत्तम चालतो. एकच पान उतरले तर तो फसवितो. पूर्ण पत्ता कोठूनही चालतो, पण तो नेहमी जुन्या घरीच नेतो.

इमारतींच्या व कारखान्यांच्या मांडणीच्या ड्रॉइंगसाठी ऑटोकॅड हा प्रोग्रॅम फार वापरात आहे. त्यात एका ड्रॉइंगखाली दुसरे ड्रॉइंग संदर्भ म्हणून अंथरण्याची सोय १९९० मध्ये आली. खांबांची मांडणी एकाने काढावी, आणि नळ, वीज, भिंती काढणाऱ्या इतरांनी ती आपल्या ड्रॉइंगखाली घ्यावी. पुष्कळ वर्षे तेथे न सांगता लिहिला जाणारा पत्ता पूर्ण पत्ताच असे. ऑटोकॅडच्या २०१८ च्या आवृत्तीपासून तो सापेक्ष झाला. एवढा बदल करावयाला इतकी वर्षे लागली, यावरून हा प्रश्न किती दुर्लक्षित होता ते कळते. जुन्या फाइलींतील पूर्ण पत्ते अर्थात तसेच आहेत, आणि त्या फाइली अजून कचेऱ्यांतून फिरत आहेत.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. समजा, भोसरीतील एका कारखान्याने एका साखर कारखान्याच्या वाहकपट्ट्यासाठी गिअर-बॉक्स करून दिला. त्याच्या एका शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर आहे आणि त्यावर ६२०५ नंबरचे बेअरिंग आहे. या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर असतो, म्हणून झाकणाला, म्हणजे कव्हरला, ५२ मिलिमीटरचे बोअर आहे. दोन वर्षांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला असाच, पण अधिक भार घेणारा गिअर-बॉक्स हवा झाला. शाफ्ट तोच ठेवून ६३०५ नंबरचे बेअरिंग घालावयाचे ठरले. त्याचे भोक २५ चेच असते, पण बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर असतो. ड्राफ्ट्समनने जुनी असेंब्ली उघडली आणि नव्या नावाने साठविली. नवे नाव वर झळकले, तो निर्धास्त झाला. मग त्याने कव्हरवर बोट ठेवले, ५२ चे ६२ केले आणि फाइल बंद केली.

झाले काय? पंगतीची यादी नवी झाली, पण यादीतला पाहुणा जुनाच होता. कव्हरची फाइल एकच. ती जुन्या गिअर-बॉक्सच्या यादीतही आहे आणि नव्याच्याही. नवा गिअर-बॉक्स बिनचूक तयार होऊन जातो, पैसेही येतात, आणि चूक कोणाला दिसत नाही. मग ऐन गळीत हंगामात पहिल्या साखर कारखान्यातून निरोप येतो की कव्हर फुटले, ताबडतोब दुसरे पाठवा. जुने ड्रॉइंग उघडतात. ड्रॉइंग इमानाने कव्हरच्या फाइलीपाशी जाते आणि ६२ हे माप घेऊन येते. नंबर तोच, सुधारणेचे अक्षर तेच, सही करणाराचे नाव तेच. माप मात्र निराळे. कव्हर बोअर होते, ट्रकवर चढते, पोहोचते, आणि ५२ चे बेअरिंग ६२ च्या भोकात खुळखुळते. तिकडे पट्टा उभा आहे, गव्हाणीपाशी उसाच्या गाड्या उभ्या आहेत, आणि तोडलेला ऊस वाळतो आहे. इकडे पहिला आरोप कोणावर येतो? बोअरिंग मशीनवर काम करणाऱ्या कारागिरावर. त्याने ड्रॉइंगप्रमाणे काम केले हे त्याला सिद्ध करता येते, हे त्याचे नशीब. पण दोन वर्षांपूर्वी त्याच नंबरच्या ड्रॉइंगवर ५२ होते, हे सिद्ध करावयाला त्या वेळची छापील प्रत कोणी जपून ठेवलेली असेल तरच सोय.

एक गोष्ट येथे नीट ध्यानात घ्यावी. नक्कल करताना दुवा तुटला, तर प्रोग्रॅम ओरडतो. ‘अमुक फाइल सापडत नाही, कोठे आहे ते दाखवा’ असे तो विचारतो, आणि माणूस वैतागतो. वस्तुतः हा प्रकार निरुपद्रवी आहे. ज्याने घात होतो तो न तुटलेला दुवा. जुना फोल्डर जागेवर आहे, त्यात जुनी फाइल आहे, दुवा तिच्यापर्यंत सुखरूप पोहोचतो, आणि पडद्यावर सारे यंत्र पूर्ण दिसते. म्हणूनच आपल्या कचेरीत बिनबोभाट उघडणारा आराखडा दुसऱ्या गावी पाठविला की त्यात भोके पडलेली दिसतात. तेथे जुना फोल्डर नसतो. असा बोभाटा लवकर झाला तर कारखान्याचे भाग्यच म्हणावयाचे.

एकच आराखडा दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वाचला गेला, तर केवढी किंमत पडते याचे मोठे उदाहरण एअरबसच्या ए-३८० विमानाचे. २००६ मध्ये त्याच्या विजेच्या तारांचे जुडगे विमानात बसेनात. हँबुर्गचे लोक कॅटिया या प्रोग्रॅमची चौथी आवृत्ती वापरीत होते आणि तुलूझचे पाचवी. हा प्रकार नकलेचा नव्हे, आणि आम्ही तो ओढूनताणून येथे बसवीत नाही. पण दुखणे त्याच घराण्यातले आहे. पडद्यावर एकच वस्तू दिसते, एवढ्यावरून ती सर्वत्र एकच आहे असे धरून चालता येत नाही. ते विमान अखेर २००७ च्या ऑक्टोबरात पहिल्या गिऱ्हाइकाच्या, सिंगापूर एअरलाइन्सच्या, स्वाधीन झाले.

आता प्रोग्रॅम पाहुण्याला शोधतो कसा, हे थोडे सांगितले पाहिजे; कारण निम्मी गोम तेथे आहे. सॉलिडवर्क्सपुरते बोलावयाचे तर तो सर्वांत आधी पत्त्यावर जातच नाही. त्या नावाची फाइल अगोदरच उघडलेली आहे काय, हे तो प्रथम पाहतो. असली तर तीच घेतो, मग ती कोणत्या का फोल्डरातली असेना. वाड्यात ‘बाळासाहेब’ म्हणून हाक मारली की जे बाळासाहेब ओटीवर बसले असतील ते ओ देतात, तसला हा प्रकार. सकाळी जुन्या यंत्राचे ‘कव्हर’ पाहण्यासाठी उघडले, ते बंद करावयाचे राहिले, आणि दुपारी नव्या यंत्राची असेंब्ली उघडली. तिच्यातही ‘कव्हर’ नावाचा भाग आहे. तर नव्या यंत्रावर जुने कव्हर बसते. संध्याकाळी संगणक बंद करून सकाळी पुन्हा उघडले की सर्व ठीक! असल्या चुकीचा शोध लावताना माणसे भुताटकीवर विश्वास ठेवू लागतात.

याचा इलाज जुनाच आहे, आणि कागदाच्या काळातील लोकांना तो पाठ होता. प्रत्येक भागाला त्याचा स्वतःचा, साऱ्या कारखान्यात दुसऱ्या कोणाला न दिलेला नंबर द्यावा आणि तेच फाइलीचे नाव ठेवावे. ‘कव्हर’, ‘ब्रॅकेट’, ‘प्लेट नवी’, ‘प्लेट नवी अखेरची’ अशी नावे ठेवणे म्हणजे गावातील सगळ्या पोरांना बाळ म्हणण्यासारखे आहे. तरुण इंजिनिअर मंडळींना नंबरांचा कंटाळा येतो, कारण नंबरावरून काय आहे ते कळत नाही. वर्णन लिहावयाला फाइलीत निराळी जागा असते, ती वापरावी. नाव हे ओळख पटविण्यासाठी असते, एवढे ध्यानात ठेवले तर हा कंटाळा जातो.

नव्या नावाने साठविण्याच्या आज्ञेविषयी तर स्वतंत्र प्रवचन करावे लागेल. सॉलिडवर्क्समध्ये ती तीन तऱ्हांनी देता येते. पहिल्या तऱ्हेत भाग नव्या नावाने साठतो, आणि त्या क्षणी जी असेंब्ली किंवा ड्रॉइंग उघडे असेल त्यातील दुवा जुन्यावरून उचलून नव्यावर ठेवला जातो. दुसऱ्या तऱ्हेत नक्कल निघून गुपचूप बाजूला पडते आणि आपण मूळ फाइलीवरच काम करीत राहतो. तिसरीत नक्कल निघून उघडते, मूळही उघडे राहते, आणि असेंब्लीचा दुवा मुळाशीच राहतो. तिन्ही उपयोगी आहेत. घोटाळा असा की पहिल्या तऱ्हेचे फळ त्या वेळी काय काय उघडे आहे यावर अवलंबून असते. नव्या यंत्राची असेंब्ली उघडी असेल तर हवे तेच होते. दोन्ही यंत्रांच्या असेंब्ल्या उघड्या असल्या तर जुन्या यंत्रातही नवे कव्हर जाऊन बसते. आणि एकही उघडी नसेल तर कोणताच दुवा हलत नाही. प्रोग्रॅम सूचना देतो, हे खरे. पण दिवसातून चाळीस सूचना वाचणारा माणूस एकेचाळिसावी वाचीत नाही.

दुव्यांची दिशा हाही एक समजून घेण्याचा मुद्दा आहे. यादीला पाहुणे ठाऊक असतात. आपले नाव कोणकोणत्या यादीत आहे हे पाहुण्याला ठाऊक नसते. ड्रॉइंगला भाग ठाऊक असतो, असेंब्लीला भाग ठाऊक असतो, पण भागाला त्यांची खबर नसते. म्हणून ‘हे कव्हर बदलले तर कोणकोणत्या यंत्रांवर परिणाम होईल?’ हा जो सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, त्याचे उत्तर कव्हरच्या फाइलीत नाही. ते हवे असेल तर सर्व याद्या वाचून उलटी नोंदवही तयार करावी लागते. मोठे कारखाने त्यासाठी निराळी व्यवस्था ठेवतात. तीत प्रत्येक फाइल नोंदविलेली असते, कोणी घेतली, कोणी परत केली, कोठे वापरली आहे, हे सारे एका जागी दिसते. ग्रंथालयातील नोंदणीसारखेच ते असते. लहान कारखान्यांना हा खर्च जड वाटतो. त्यांनी निदान एका तक्त्यात भागाचा नंबर आणि तो कोणत्या यंत्रांत आहे एवढे तरी हाताने लिहावे. आम्ही असे तक्ते चांगले चाललेले पाहिले आहेत. अट एवढीच की ते भरण्याचे काम एका नेमलेल्या माणसाकडे असावे.

याहून नाजूक दुवे भागाभागांच्या मध्ये असतात. कव्हर काढताना त्याची कड हाउसिंगच्या कडेवरून उचलली, बोल्टांची भोके हाउसिंगच्या भोकांवरून घेतली. मग हाउसिंग वाढले की कव्हर आपोआप वाढते. ही सोय मोठी गोड आहे. परंतु नक्कल करताना नवे कव्हर जुन्या हाउसिंगकडे पाहत राहिले, तर नव्या हाउसिंगमध्ये केलेला बदल त्याला कळत नाही, आणि जुन्यात केलेला मात्र कळतो. सॉलिडवर्क्स अशा भागाच्या नावापुढे बाणाची खूण दाखवितो. बाणापुढे प्रश्नचिन्ह असेल तर ज्याच्याकडे पाहावयाचे ते हजर नाही असे समजावे. तारा असेल तर दुवा कुलपात आहे. फुली असेल तर तोडलेला आहे. नक्कल घेतल्यावर या बाणांवरून एकदा नजर फिरविणे हे दहा मिनिटांचे काम आहे. आमचे मत विचाराल तर काम पुरे होऊन ड्रॉइंग कारखान्यात जाण्यापूर्वी असले दुवे शक्य तेथे कायमचे तोडून मापे भागातच लिहावीत. पुष्कळ जाणते लोक याच्या उलट मताचे आहेत. दुवे तोडले तर पुढील फेरफाराला कष्ट पडतात असे ते म्हणतात. कष्ट पडतात हे आम्हांला मान्य आहे.

मग नक्कल करावयाची कशी? प्रोग्रॅम करणारांनी साधने दिलेली आहेत. सॉलिडवर्क्समध्ये ‘पॅक अँड गो’ नावाची सोय आहे. ती असेंब्लीपासून निघून साऱ्या भागांची यादी समोर ठेवते, नव्या फोल्डरात त्यांच्या नकला करते, सांगाल ते अक्षर प्रत्येक नावाच्या आधी किंवा शेवटी जोडते, आणि महत्त्वाचे म्हणजे नव्या याद्यांतील दुवे नव्या भागांकडे वळविते. ड्रॉइंगे बरोबर घ्यावयाची की नाही, हे मात्र तेथे मुद्दाम सांगावे लागते. आणि ड्रॉइंगचा पत्ता भागाला ठाऊक नसल्यामुळे निराळ्या कोपऱ्यात ठेवलेले ड्रॉइंग मागे राहू शकते. इन्व्हेंटर वापरणारांसाठी व्हॉल्ट नावाच्या नोंदणीच्या व्यवस्थेत आराखड्याची नक्कल करण्याचे जे साधन आहे, ते आम्हांला विशेष आवडते. ते प्रत्येक भागापाशी थांबते आणि विचारते की याची नक्कल करू, हाच पुन्हा वापरू, याच्या जागी दुसरा घालू, की याला वगळू?

हा प्रश्न विचारणे म्हणजेच नक्कल करणे होय. बाकीचे काम यंत्र करते. आणि या प्रश्नाचे उत्तर कारकुनाला देता येत नाही. ६२०५ चे बेअरिंग जगभर एकच आहे. त्याची नक्कल करून त्याला नवा नंबर दिला तर उद्या खरेदी खाते एकच बेअरिंग दोन नावांनी मागविते, आणि स्टोअरमध्ये एका खणात पन्नास पडून असताना शेजारचा खण रिकामा म्हणून काम अडते. भारतीय मानकाप्रमाणे असणाऱ्या एम १२ बोल्टाचेही तेच. विकत घेतलेल्या मालाची नक्कल करूच नये. त्याच्या फाइली निराळ्या फोल्डरात, कोणालाही बदलता येऊ नयेत अशा बंदोबस्तात ठेवाव्यात. उलट ज्या भागाला हात लागणार हे ठरले आहे, त्याची नक्कल झालीच पाहिजे. कठीण ते मधले. जे आज बदलावयाचे नाहीत पण उद्या बदलतील असे भाग, म्हणजे आपल्या उदाहरणातील हाउसिंग. ते दोन्ही यंत्रांना समाईक ठेवले तर लाकडी पॅटर्न एकच लागतो, ओतीव काम एकाच वेळी मागविता येते, पैसा वाचतो. पण पुढे एका गिऱ्हाइकासाठी केलेला फेरफार दुसऱ्यालाही बाधतो. निराळे केले तर मोकळीक मिळते आणि खर्च वाढतो. हा विचार ज्याला यंत्र, गिऱ्हाईक आणि ओतकाम करणारा हे तिघेही ठाऊक आहेत त्यानेच करावा. आमच्या पाहण्यात मात्र हे काम बहुतेक ठिकाणी काल रुजू झालेल्या मुलाकडे असते, आणि त्याला संध्याकाळपर्यंत ‘नक्कल मारून ठेव’ एवढेच सांगितलेले असते.

आम्ही जी रीत सुचवितो ती अशी. संगणकाला हात लावण्यापूर्वी जुन्या यंत्राच्या भागांची यादी कागदावर छापावी, आणि प्रत्येक ओळीपुढे समाईक, निराळा किंवा नको यांपैकी एक शब्द जबाबदार माणसाने आपल्या हाताने लिहावा. तीनशे ओळी असल्या तरी ते एका दुपारचे काम आहे. निराळ्या भागांचे नंबर त्याच वेळी घ्यावेत. मग साधन वापरून नक्कल करावी. आणि नंतर एक परीक्षा घ्यावी, जिला खर्च काही नाही. जुन्या फोल्डराचे नाव तात्पुरते बदलावे, किंवा नव्या आराखड्याचे फोल्डर आणि समाईक भागांचे फोल्डर एवढेच घेऊन ते दुसऱ्या, जाळ्याला न जोडलेल्या संगणकावर उघडावे. चोरून जुन्या घरी जाणारे जेवढे दुवे असतील तेवढे लगेच बोंब मारतात. त्यांना एकेक करून नवे घर दाखवावे, आणि संदर्भांची यादी छापून कामाच्या फाइलीला लावावी.

जुन्या आराखड्याचीही काळजी घ्यावयाची असते, ती बहुधा विसरली जाते. यंत्र गिऱ्हाइकाकडे गेले त्या दिवशी त्याच्या सर्व फाइली केवळ वाचण्यापुरत्या उघडतील अशा कुलपात घालाव्यात. ड्रॉइंगांच्या पीडीएफ प्रती काढाव्यात आणि घनाकृतींच्या स्टेप पद्धतीच्या फाइली काढाव्यात. स्टेप हे १९९४ पासूनचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि त्या फाइलीत सहसा केवळ आकार उतरतो; तो आकार कोणत्या मापावरून आणि कोणाकडे पाहून बनला याचा इतिहास तीत येत नाही. अशा फाइलीत फेरफार करता येत नाहीत म्हणून आराखडे करणारी मंडळी नाके मुरडतात. पण साखर कारखान्यातून कव्हरचा निरोप येईल तेव्हा प्रत काढावयाची ती याच फाइलीवरून, आणि तिच्यावर बोअर ५२ मिलिमीटरच असेल.